ऐंशी टक्क्यांचं पोस्टर आणि मलावीतला मका

‘आफ्रिकेतलं ८० टक्के अन्न बायका पिकवतात, पण जमीन त्यांच्या नावावर १ टक्का. गुरं आणि पैसा सगळा पुरुषांचा.’ महिला दिन जवळ आला की हे पोस्टर फिरू लागतं. हेतू चांगला, म्हणून कुणी तपासत नाही.

आधी ८० टक्के. हा हिशेब करायचाच कसा? आग्नेय आफ्रिकेतल्या मलावी देशात मका बहुतेक कुदळीवर पिकतो. सरी त्यानं ओढली, बी तिनं टोकलं, खुरपणी दोघांनी केली. मग पोत्यातला कुठला दाणा तिचा? मेहनत मात्र मोजता येते. सहा देशांतल्या घरोघरच्या पाहण्यांवरचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात पिकांच्या कामातला बायकांचा वाटा सरासरी ४० टक्के निघाला: मलावीत ५२, नायजरमध्ये २४. ‘आफ्रिका’ नावाचं एकच शेत कुठं आहे? (पाणी, सरपण, स्वयंपाक यात धरलेले नाहीत. ते धरले तर तिचा दिवस त्याच्यापेक्षा लांब, पण ते पीक नव्हे.)

१ टक्क्याचं तर मूळच वेगळं. १९८०च्या सुमारास संयुक्त राष्ट्रांच्या कागदपत्रांत तो आकडा जगातल्या एकूण मालमत्तेबद्दल आला; पुढं कुणीतरी त्याची जमीन केली. मलावीच्या दक्षिण आणि मध्य भागात चेवा, याओ, लोमवे समाजांत जमीन आईकडून मुलीकडे जाते आणि बरेचदा नवराच बायकोच्या गावी नांदायला येतो. घरजावई म्हणून तिथं कुणी हिणवत नाही, ती रीतच आहे. म्हणून सगळं तिच्या हातात असतं असंही नाही. घराण्यात तिच्या भावाचा, म्हणजे मुलांच्या मामाचा शब्द मोठा. सातबाऱ्यासारखा कागद तर बहुतेक पुरुषांकडेही नसतो. जवळच्या झिम्बाब्वेत २००० नंतरच्या जमीनवाटपात छोट्या शेतांच्या गटात बायकांना १८ टक्के वाटे मिळाले. अन्याय दाखवायला हा आकडा पुरेसा आहे.

गुरं? बरीचशी पुरुषांची, खरं आहे. पण झिम्बाब्वेतल्या शोना लोकांत लग्नाच्या देण्यात ‘मोंबे येउमाई’, आईची गाय, असते. जावयानं ती सासूला द्यायची. ती आणि तिची वासरं सासूचीच. सासऱ्यानं परस्पर विकायची नाहीत.

पैशाबद्दल पोस्टर खऱ्याच्या जवळ जातं, पण नेमकं तिथंच एका शब्दात आटोपतं. मलावीत बायका सांभाळतात त्या शेतांचं उत्पन्न एकरामागं पुरुषांच्या शेतांपेक्षा सरासरी २५ टक्के कमी. बायका आळशी म्हणून नव्हे. खत कमी पडतं, घरात राबणारा पुरुष नसतो, आणि तंबाखूसारखं परदेशी जाणारं पीक त्या कमी घेतात. आणखी एक गोष्ट त्याच आकडेवारीत सापडते: घरात लहान मुलं जितकी जास्त, तितकं तिच्या शेताचं उत्पन्न घटतं. त्याच्या शेतावर मुलांचा तसा परिणाम दिसत नाही.