कोकणात माणसंच उरली नाहीत, मग दवाखाना कशाला?

आमच्या वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज गणपतीपासून तिसऱ्यांदा आलाय. पाठवणारे सगळे मुंबई-ठाण्याचे चाकरमानी, आणि हेतू कुणाचाच वाईट नाही. मेसेज थोडक्यात असा: कोकणातली गावं रिकामी झालीत, डॉक्टर तिथे राहायला तयार नाहीत, प्राथमिक आरोग्य केंद्रात कोणी फिरकत नाही. तेव्हा ही केंद्रं बंद करा. पाच लाखांचं कार्ड आहेच, जिल्ह्याला मेडिकल कॉलेज आलंय, हायवे रुंद झालाय, किरकोळ दुखण्याला मोबाइलवर डॉक्टर भेटतो. खाली जोडलेले हात आणि ‘पटलं तर पुढे पाठवा’.

मला पटलं नाही. मी सिंधुदुर्गात आरोग्यसेवक म्हणून लागलो आणि आरोग्य सहायक म्हणून निवृत्त झालो, मध्ये ३१ वर्षं गेली. केंद्राच्या पायरीवर बसून राहिलेले पेशंट मी पाहिलेत, दुपारी दोनलाच लागलेलं कुलूपही पाहिलंय. मेसेजमधली तक्रार खोटी नाही. तिच्यावरचा उपाय मात्र उलटा आहे.

आधी ‘माणसं उरली नाहीत’ हे घेऊ. आकडा खराच घटलाय. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये १६,९६,७७७ होती, २०११ च्या जनगणनेत ती १६,१५,०६९ भरली. सिंधुदुर्ग ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आला. पण त्याच जनगणनेतला दुसरा आकडा मेसेजवाल्यांनी वाचला नाही: रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ बायका, सिंधुदुर्गात १०३६. म्हणजे कमावता पुरुष मुंबईला गेला आणि मागे राहिली त्याची आई, बायको, म्हातारा बाप आणि शाळेतलं पोर. डोकी कमी झाली, दुखणी नाही. बीपी, साखर, गुडघे, मोतीबिंदू, बाळंतपण हे सगळं मागे राहिलेल्यांच्याच वाट्याचं. आणि चतुर्थीला व मे महिन्यात तुम्ही सगळे येता तेव्हा त्याच रिकाम्या गावात पाय ठेवायला जागा नसते. जुलाबाच्या गोळ्या तेव्हा कुठून घेता, आठवून बघा.

लोकसंख्येवर केंद्र ठरवणं हाच मुळात सपाटीवरचा हिशेब. सपाटीवर ३० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगराळ आणि आदिवासी भागात २० हजारांमागे एक, असा निकष आहे. पण आमच्याकडे अंतर माणसांत मोजून चालत नाही, खाडीत आणि घाटीत मोजावं लागतं. दाभोळहून खाडीपलीकडचं धोपावे डोळ्यांना दिसतं. फेरीबोट असली तर तुम्ही चहा पिईपर्यंत पोचता. रात्री उशिरा बोट नसते, मग खाडीला वळसा घालून चिपळूणमार्गे जा.

‘डॉक्टर गावात टिकत नाहीत’ या वाक्याचा मला राग येतो, कारण ते स्वभावाचा दोष असल्यासारखं म्हटलं जातं. १९७६ मध्ये डॉ. हिम्मतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने तेव्हा कोकणात धडधाकट माणसं आणि पोरं मरायची. पेशंटच्या उशाशी रात्री बसून त्यांनी ते मरण कसं येतं ते टिपलं, ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं, आणि पुढे रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी गोळी त्यावर वापरून दाखवली. ४० टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या घरात आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हे काम मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात होणंच शक्य नव्हतं, कारण तिथपर्यंत पेशंट जिवंत पोचत नव्हता.

आता सगळेच बावस्कर नसतात, आणि सरकारी व्यवस्था तसल्या माणसांच्या भरवशावर चालवूही नये. साध्या डॉक्टरला काय हवं असतं? न गळणारं क्वार्टर. दुसरा एक डॉक्टर, म्हणजे आठवड्यातून दोन रात्री झोप मिळेल. अकरा महिन्यांच्या कंत्राटाऐवजी कायम नेमणूक. आणि तीन-चार वर्षं खेड्यात काढली तर पुढे शिकायची हमी. आपल्याकडे सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालेल्याला एक वर्षाचा बाँड असतो, न केल्यास १० लाख रुपये दंड. वर्ष संपायच्या आत डोळे एमडीच्या परीक्षेकडे लागलेले असतात. त्या पोराला मी दोष देत नाही. तमिळनाडूने सरकारी सेवेतल्या डॉक्टरांसाठी राज्याच्या वाट्याच्या पदव्युत्तर जागांपैकी निम्म्या राखून ठेवल्या. तिथला तरुण डॉक्टर खेड्यात जातो तो पुढचं दार उघडावं म्हणून. आपण दंडाची भीती घालतो आणि मग म्हणतो, टिकत नाहीत. (आमच्या केंद्रांत वर्षानुवर्षं टिकलेले बरेचसे डॉक्टर बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाचे होते, हेही सांगून ठेवतो. त्यांना हसणारे लोक तापाला त्यांच्याच दारात उभे असायचे.)

‘केंद्रात कोणी फिरकत नाही’ याला एका ओळीत उत्तर: जिथे डॉक्टर बसतो तिथे ओपीडीला रांग असते, जिथे नसतो तिथे नसते. आमच्याकडे बायका घरून निघायच्या आधी आशाताईला फोन करून विचारतात, “डागतर आसत काय?” नाही म्हटलं की रिक्षाचे पैसे वाचवतात.

कार्डाचं बघू. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत २०२४ पासून राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. चांगली योजना आहे, तिने लोकांची घरंदारं वाचवलीत. पण ती चालते दाखल झाल्यावर, ठरलेल्या उपचारांसाठी, यादीतल्या रुग्णालयात. रोजची बीपीची गोळी त्यात नाही. साखर वेळेवर तपासली नाही म्हणून पाय काळा पडला, की तो कापायला कार्ड चालतं. केंद्राचं काम तो पाय कापावा लागू नये हे आहे, आणि त्याचं बिल कुठल्याच कार्डावर चढत नाही.

हायवेच्या मुद्द्यावर मात्र मला थांबायचंय.

जुलैची गोष्ट. सड्यावरच्या वरकस जमिनीत नाचणी लावताना एका बाईला फुरसं चावलं. नवऱ्याने पाठीवर घेऊन साकव ओलांडला, पुढे रिक्षा. केंद्रावर यायला पाऊण तास गेला. डॉक्टर बैठकीला जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला गेलेले. प्रतिविषाच्या कुप्या कपाटात होत्या, पण विष भिनलंय की नाही हे कसं कळणार? त्याची तपासणी इतकी साधी आहे की लोकांचा विश्वास बसत नाही. दोन मिली रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं, २० मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग आडवं करून बघायचं. गोठलं नसेल तर फुरशाने किंवा घोणशीने काम सुरू केलंय. नळी काचेचीच लागते, प्लास्टिकच्या नळीत हा निकाल मिळत नाही. सिस्टरने प्रयोगशाळेचं सगळं कपाट उपसून एक कोरी काचेची नळी शोधली. वीस मिनिटांनी रक्त पाण्यासारखं वाहिलं. फोनवर डॉक्टर म्हणाले, सुरू करा. दहा कुप्या सलाइनमधून चालू झाल्या, १०८ आली, आणि बाई प्रतिविष चालू असतानाच बांबोळीला, गोव्याच्या सरकारी रुग्णालयात गेली. ती पुढल्या वर्षी काजूच्या बिया विकायला बाजारात भेटली.

दुसऱ्या एका वर्षी, दुसऱ्या एका केंद्रावर, तसाच पेशंट आला. पद रिकामं होतं, सिस्टर एकटी, नवी. तिने चिठ्ठीवर ‘रेफर’ लिहिलं. गाडीही वेळेत आली, रस्ताही बरा होता. माणूस वाटेत गेला.

रस्ता दोघांना सारखाच होता. म्हणून हायवेचं मला कौतुक आहे, पण त्याच्यावर विसंबू नका. बाळंतपणानंतर रक्त जायला लागलं तर बाई दोन तासांत हातची जाऊ शकते. तेव्हा ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञ आहे का, स्त्रीरोगतज्ज्ञ आहे का आणि रक्तपिशवी आहे का, या तीनच प्रश्नांना किंमत असते. यातलं एक नसलं तर उरलेली दोन शोभेची. देशभरच्या ग्रामीण रुग्णालयांत तज्ज्ञ डॉक्टरांची तूट सुमारे ८० टक्के असल्याचं केंद्र सरकारच्याच २०२१-२२ च्या आकडेवारीत आहे.

मग आम्ही गोव्याला पळतो. मालवणीत “बांबोळेक धाडल्यानी” म्हटलं की घरात चूल पेटत नाही. त्या रुग्णालयाचे आमच्यावर उपकार आहेत, पण ते दुसऱ्या राज्याचं आहे. जानेवारी २०१८ पासून त्यांनी बाहेरच्या रुग्णांना शुल्क लावलं तेव्हा दोडामार्गात आंदोलन पेटलं, आणि आपला भार आपण किती वर्षं शेजाऱ्यावर टाकलाय हे सगळ्यांना कळलं.

त्यावर उत्तर म्हणून मेडिकल कॉलेजकडे बोट दाखवतात. सिंधुदुर्ग आणि अलिबागचं कॉलेज २०२१-२२ मध्ये सुरू झालं, रत्नागिरीचं २०२३ मध्ये, प्रत्येकी १०० जागा. आनंदच आहे. पण हिशेब करा: साडेचार वर्षं अभ्यास, एक वर्ष इंटर्नशिप, म्हणजे पहिली तुकडी बाहेर पडायला २०२७ उजाडणार. त्यातल्या एखाद्याला भूलतज्ज्ञ व्हायचं असेल तर आणखी तीन वर्षं. तोवरची बाळंतपणं काही थांबणार नाहीत. एमबीबीएस डॉक्टरला काही महिन्यांत तातडीची भूल द्यायला शिकवण्याचा कार्यक्रम आपल्याकडे आधीपासून आहे. तो मनावर घ्या, आणि शिकलेल्या माणसाला लगेच दुसरीकडे बदलू नका.

मोबाइलवरचा डॉक्टर, म्हणजे सरकारची ई-संजीवनी सेवा. जुना पेशंट, ठरलेली गोळी, त्वचेचा डाग, यासाठी उत्तम. फोनमधून सलाइन लावता येत नाही.

ग्रुपवर मी एवढं सगळं टाकलं नाही, कोणी वाचलं नसतं. एवढंच लिहिलं की, पुढच्या चतुर्थीला याल तेव्हा आरतीच्या आधी अर्धा तास काढून केंद्रावर चला. काचेची नळी आहे का, प्रतिविषाच्या कुप्यांवरची तारीख काय आणि डॉक्टरच्या क्वार्टरचं छप्पर गळतं का, एवढंच बघू. रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत बसायला निम्मे सदस्य येत नाहीत. तिथे बाकावर जागा आहे. आतापर्यंत दोघांनी अंगठा दाखवलाय, आणि एकाने विचारलंय, बैठक रविवारी घेता येईल का.