गळक्या ब्युरेटचा निष्कर्ष

सर, नमस्कार. प्रयोगाचा निष्कर्ष दमदार कसा लिहावा या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की बोर्डाच्या प्रॅक्टिकलला रीडिंग बघतात, निष्कर्ष कोणी वाचत नाही. आणि जिथे दहा पोरांत एक ब्युरेट (द्रव थेंबाथेंबानं सोडून मोजायची तोटीची काचनळी), तीही गळकी, तिथे ‘दमदार निष्कर्ष’ म्हणजे शहरी चोचले.

गुणांवर वाद घालत नाही. मी स्वतः बारावीत ‘प्रयोग सिद्ध झाला’ एवढं खरडून सुटलो होतो. काय सिद्ध झालं, देव जाणे.

पण गळक्या ब्युरेटचं ऐका. आमच्या पोरांनी दर्यापूरकडच्या एका विहिरीचं पाणी ईडीटीए या जडपणा मोजायच्या रसायनानं तपासलं. ५० मिली पाणी, ०.०१ मोलर ईडीटीए. सूचकाचा लालसर रंग जाऊन निळा आला तेव्हा रीडिंग २०.१ मिली. म्हणजे जडपणा, पुस्तकातली दुष्फेनता, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबानं लिटरला ४०२ मिलिग्रॅम. एकानं लगेच लिहिलं, ‘पाणी पिण्यायोग्य नाही.’ मी म्हटलं, हे तुला कोणी सांगितलं? भारतीय मानकात २०० पर्यंत चांगलं, दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालतं. शिवाय या तपासणीत ईडीटीए मुख्यतः कॅल्शियम-मॅग्नेशियमच धरतं. खारपाणपट्ट्यातलं, म्हणजे विदर्भातल्या खाऱ्या भूजलाच्या भागातलं, मीठ किंवा पांढरकवड्याकडचं फ्लोराइड त्याला दिसतच नाही. न तपासलेल्या गोष्टीचा निकाल द्यायचा नाही.

मग तोटीचा प्रश्न निघाला. दोनेक थेंब फ्लास्कच्या बाहेर पडले होते. पोरं ‘मानवी चूक’ लिहून मोकळी होणार होती. पण बाहेर पडलेला थेंबही रीडिंगमध्ये मोजला जातो, म्हणून आपला आकडा खऱ्यापेक्षा जास्तच आला असणार. किती? दोन थेंब साधारण ०.१ मिली, म्हणजे लिटरला २ मिलिग्रॅम. तेवढ्यानं काही पालटत नाही. हे दोन ओळींत लिहिलं की झाला निष्कर्ष. त्याला नवी ब्युरेट लागत नाही.

एक मात्र तुमचं बरोबर. माझ्या लेखातल्या नमुन्यात तिन्ही रीडिंग तंतोतंत सारखी होती. अशी आमच्याकडेही कधी येत नाहीत. तो नमुना बदलतो.

आणि एका मुलीनं लिहिलं होतं, ‘या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही.’ खरं असेल, पण मोजलेलं नव्हतं, म्हणून खोडायला लावलं. ती फुगूनच बसली. आता तीच डाळ विहिरीच्या आणि पावसाच्या पाण्यात, घड्याळ लावून शिजवायची ठरली आहे. पाऊस येऊ द्या.