छापून बघितलंस का?

सी मधून लुआत, म्हणजे सी प्रोग्रॅममध्ये बसवता येणाऱ्या छोट्या स्क्रिप्टिंग भाषेत, नल पॉइंटर ढकलला, लाइट युजरडेटा (नुसता सी चा पत्ता) म्हणून. स्क्रिप्टमधल्या इफने त्याला ‘खरा’ ठरवला आणि टेस्ट लाल झाली, म्हणजे नापास. लुआत खोटे फक्त दोघे, निल (म्हणजे ‘काहीच नाही’) आणि फॉल्स. बाकी शून्य खरं, रिकामी स्ट्रिंग खरी, आणि कुठेच बोट न दाखवणारा पॉइंटरही खरा. हाच नल स्ट्रिंग ढकलणाऱ्या लुआ_पुशस्ट्रिंगला द्या, निमूट निल होतो.

हे पचवत असतानाच पाठीमागून आवाज आला, “छापून बघितलंस का?”

आमचे एक सहकारी. त्यांच्याकडे प्रत्येक दुखण्यावर हाच काढा.

“छापून प्रकार नाही कळत. लुआ_टाइप विचारावं लागतं.”

“विचारायचं कशाला? छाप की!”

एवढं बोलून त्यांनी कीबोर्ड ओढला. शेजारी लुआ_नेक्स्टने टेबल, म्हणजे किल्ली-किंमत जोड्यांचा साठा, फिरणारी दुसरी टेस्ट उघडी होती, हिरवीगार. तिच्या लूपमध्ये त्यांनी किल्लीवर लुआ_टूएलस्ट्रिंग लावून छापायची ओळ घातली. आता हे फंक्शन आकड्याची स्ट्रिंग जागच्या जागी, सी आणि लुआच्या देवाणघेवाणीच्या स्टॅकवरच करतं. 1 ची “1” झाली, टेबलात “1” नावाची किल्ली नाही, पुढच्या फेरीला हातातल्या किल्लीवरून पुढची शोधणारं लुआ_नेक्स्ट कोसळलं. किल्लीची प्रत लुआ_पुशव्हॅल्यूने वर ठेवून ती छापली असती तर काही झालं नसतं.

“बघ,” ते समाधानाने म्हणाले, “तुझा इंटरप्रिटरच खराब आहे.” आणि गेले. ओळ पुसायची कोणी?

बरं, छापलेलं खरं असतं तरी एक वेळ चाललं असतं. 64 बिटांचा आयडी 9007199254740993 लुआ_पुशनंबरने पाठवा: डबल या अपूर्णांकांच्या प्रकारात शेवटचा 3 गळून 2 होतो, आणि लुआ 5.3 मध्ये छापल्यावर दिसतं 9.007199254741e+15. त्यात 2 की 3, शोधा! म्हणून लुआ_पुशइंटिजर वापरायचं, स्क्रिप्टमध्ये मॅथ.टाइपने पूर्णांक की अपूर्णांक ते तपासायचं, आकडा सी मध्ये परत आणून तिथेच तुलना करायची. टेस्टच्या आधी आणि नंतर लुआ_गेटटॉप (स्टॅकची उंची) सारखंच हवं. स्टॅकवर राहिलेला कचरा भलत्याच टेस्टमध्ये उगवतो.

फुल युजरडेटाचा, म्हणजे सी चा ऑब्जेक्ट लुआच्या डब्यात घालून देण्याचा, छळ वेगळाच. एकच ऑब्जेक्ट दोनदा ढकलला की दोन युजरडेटा. __ईक्यू हा बरोबरी ठरवणारा मेटामेथड लिहून == ची समजूत घातली, तरी टेबलाची किल्ली म्हणून ते दोन वेगळेच, कारण तिथे मेटामेथडला कोणी विचारत नाही. पॉइंटरवरून आधीचाच युजरडेटा शोधून देणारं कमकुवत टेबल (नको असलेल्या वस्तू धरून न ठेवणारं) आपणच सांभाळायचं. यातलं बरंचसं मॅन्युअलमध्ये स्वच्छ लिहिलेलं आहे, त्यामुळे तक्रार करायचीही सोय नाही.