अडवता येत नाही म्हणून बंदी?

२६ जानेवारी २०२५ चा रविवार. बाहेर फिलाडेल्फियाची बोचरी थंडी, आणि आमच्या सोफ्यावर सांगलीहून आलेले अण्णा, दोन स्वेटर चढवून आणि मी जबरदस्तीने घातलेली आमच्या फुटबॉल संघाची, ईगल्सची, हिरवी टोपी डोक्यावर घेऊन बसलेले. टीव्हीवर अमेरिकन फुटबॉल, ईगल्स विरुद्ध वॉशिंग्टन कमांडर्स. जो जिंकेल तो 'सुपर बोल' या अंतिम सामन्यात जाणार.

चेंडू गोलरेषेपासून हातभर लांब. मागून ढकलून चेंडू रेषेपार न्यायला ईगल्सचे गडी गुडघ्यात वाकून एकमेकांना खेटून बसले. तेवढ्यात वॉशिंग्टनचा फ्रँकी लुवू, चेंडू हलायच्या आधीच, सगळ्यांच्या डोक्यांवरून सूर मारून पलीकडे जाऊन पडला. दंड झाला. पण रेषा आधीच इतकी जवळ की दंडाचं अंतर ते किती भरणार? थोड्या वेळाने पुन्हा तीच उडी. शेवटी पंचांनी माइक चालू करून जाहीर केलं की हे असंच चालू राहिलं तर आम्ही ईगल्सना सरळ गुण देऊन टाकू. इतकी वर्षं हा खेळ बघते आहे, पण अशी घोषणा मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

अण्णा तरुणपणी तालमीच्या संघातून कबड्डी खेळलेले. म्हणाले, "अगं, तो वरून उड्या कशाला मारतोय? असली साखळी फोडायची तर खालून शिरायला पाहिजे."

"अण्णा, चेंडू नेमका कधी हलणार ते त्याला कळत नाहीये."

"मग शिकायचं."

त्या दिवशी आम्ही ५५-२३ ने जिंकलो आणि दोन आठवड्यांनी न्यू ऑर्लिन्समध्ये सुपर बोलही जिंकला, कॅन्सस सिटीला ४०-२२ ने हरवून. त्या सामन्यातला पहिला टचडाउन, म्हणजे चेंडू गोलरेषेपार नेणं, याच ढकलण्याच्या खेळीवर झाला. आणि लगेच सुरू झालं, बंदी घाला, बंदी घाला.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दहा यार्ड पुढे जायला चार संधी मिळतात. शेवटच्या संधीत एखादाच यार्ड उरला असेल तर ईगल्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे संघाची चाल चालवणारा गडी, जेलन हर्ट्स चेंडू छातीशी धरून आपल्या लाइनमनच्या, म्हणजे पुढच्या रांगेतल्या गड्यांच्या, पाठीत घुसतो आणि मागून दोघं-तिघं त्याला ढकलतात. सगळीकडे याला 'टश पुश' म्हणतात, आमच्याकडे 'ब्रदरली शव्ह', कारण फिलाडेल्फिया म्हणजे बंधुप्रेमाचं शहर. चेंडू असलेल्या गड्याला मागून ढकलणं पूर्वी नियमबाह्य होतं. २००५ मध्ये लीगने, म्हणजे एनएफएलने, ती बंदी काढली, कारण गर्दीत कोण ढकलतंय आणि कोण नुसता येऊन आदळतोय हे पंचांना ओळखता येईना. म्हणजे सतरा-अठरा वर्षं ही मुभा बत्तीसच्या बत्तीस संघांना होती. तिच्यावर मेहनत घेऊन तिचं हत्यार आमच्या संघाने केलं.

२०२५ च्या सुरुवातीला बंदीचा प्रस्ताव आणला ग्रीन बे पॅकर्सनी. या खेळीत कौशल्य नाही, हा त्यांच्या अध्यक्षांचा मुद्दा. पॅकर्सच्या इतिहासातली सगळ्यात गाजलेली खेळी कुठली माहितीये? ३१ डिसेंबर १९६७, हाडं गोठवणारी थंडी, सामना संपायला काही सेकंद, गोलरेषा यार्डावर, आणि बार्ट स्टारने स्वतःच चेंडू घेऊन लाइनमनच्या मागून मुसंडी मारली. डॅलसवर २१-१७ असा विजय. त्या सामन्याला आजही 'आइस बोल' म्हणतात. त्या खेळीत स्टारच्या मागून त्याचा एक साथीदार दोन्ही हात वर करून धावत आला होता. मी याला ढकलत नाहीये हे पंचांना दिसावं म्हणून, कारण तेव्हा ढकलणं गुन्हा होता. म्हणजे फरक आहे, आणि तो मला मान्य आहे. ढकलण्याला फुटबॉल म्हणायचं की नाही यावर वाद जरूर व्हावा. दिसायला ही खेळी सुंदर नाही, हेही कबूल. ढिगाऱ्यातून चेंडू कुठवर गेला ते पंच माती उपसल्यासारखं शोधत बसतात.

पण तो वाद झालाच नाही. मुद्दा फिरवून आणला गेला तो खेळाडूंच्या सुरक्षेवर. आणि तिथे माझं डोकं फिरलं.

आमच्या शेजारचे काका जन्मापासून इथले, जुन्या व्हेटरन्स स्टेडियमच्या अगदी वरच्या मजल्यावर बसून मॅच बघितलेले. त्यांच्या गॅरेजमध्ये भिंतीवर एका जुन्या खेळाडूचं पोस्टर आहे, अँड्रे वॉटर्स. १९८४ ते १९९३ ईगल्सकडून बचावात खेळला. इतका जोरात भिडायचा की त्याच्या नावाने नियम झाला. क्वार्टरबॅक चेंडू फेकायला उभा असताना त्याच्या कमरेखाली धडकायचं नाही, या नियमाला लोक 'अँड्रे वॉटर्स नियम' म्हणायचे. काका सांगतात, त्या नियमावर तेव्हा गावभर शिव्याशाप झाले. खेळ मऊ केला, मर्दपणा घालवला, वगैरे. काकाही त्यात होते.

२००६ च्या नोव्हेंबरमध्ये वॉटर्सने स्वतःचं आयुष्य संपवलं. वय ४४. त्याचा मेंदू डॉ. बेनेट ओमालू यांनी तपासला. वर्षानुवर्षं डोक्याला बसलेल्या धक्क्यांनी त्याची इतकी झीज झाली होती की तो ऐंशी-पंच्याऐंशीच्या म्हाताऱ्याचा वाटावा. काकांनी पोस्टर काढलं नाही. पण त्यानंतर सुरक्षेच्या एकाही नियमावर त्यांनी तोंड उघडलेलं मी ऐकलेलं नाही.

सुरक्षेचा नियम हा शब्द असा मिळालेला आहे. माणसांच्या मेंदूतून, मणक्यातून.

म्हणून २०२४ मध्ये किकऑफ, म्हणजे लाथ मारून चेंडू समोरच्या संघाकडे पाठवून खेळ सुरू करणं, बदलला तेव्हा मी लगेच बाजूने होते. पूर्वी दोन्ही संघ मैदानभर धावत येऊन एकमेकांवर आपटायचे, सगळ्यात जास्त वेगाची टक्कर तीच. मग लीगने असे नियम केले की बहुतेक वेळा कुणी चेंडू घेऊन धावेचना. २०२३ मध्ये शंभरातल्या जेमतेम बावीस किकऑफवर कुणी पळालं. नव्या पद्धतीत लाथ मारणारा एकटा लांब, बाकीचे दोन्हीकडचे गडी समोरासमोर जवळ उभे, आणि चेंडू पडेपर्यंत किंवा कुणी झेलेपर्यंत जागचं हलायचं नाही. पहिल्या आठवड्यात आमच्या ग्रुपवर एकच ओरड. हा काय प्रकार, शाळेच्या कवायतीसारखे उभे राहिलेत! दिसायला खरंच विचित्र होतं. पण टक्करीचा वेग कमी झाला आणि परत धावण्याचं प्रमाण शंभरात तेहतीसच्या घरात गेलं. खेळ वाढला आणि मार कमी झाला. त्यात आपण एक गोष्ट गमावली. अचानक ऑनसाइड किक, म्हणजे मुद्दाम आखूड लाथ, मारून चेंडू परत मिळवायचा, ते आता आधी सांगून करावं लागतं. २०१० च्या सुपर बोलमध्ये न्यू ऑर्लिन्सने दुसरा हाफ उघडतानाच ती खेळी करून सामना फिरवला होता. तसलं पुन्हा बघायला मिळणार नाही याचं मला वाईट वाटतं, मनापासून वाटतं. पण त्या मोबदल्यात कुणाची मान शाबूत राहणार असेल तर माझी तक्रार नाही.

मागून कमरेला लोंबकळून पायांवर पडायचं, त्या टॅकलवरही त्याच वर्षी बंदी आली. खेळाडूंची संघटनाच विरोधात होती, तरी मला ते पटलं. घोटे कसे मोडतात ते पाहिलंय.

मग टश पुशच्या वेळी बंदी मागणाऱ्यांनी काय दाखवलं? अमुक इतके गडी या खेळीत जखमी झाले, असा आकडा कुणी समोर ठेवला नाही. पुढे कधीतरी कुणाला लागू शकेल, एवढंच. अहो, पुढे कधीतरी लागू शकेल या निकषावर या खेळातलं काय उरेल? २१ मे २०२५ ला मतदान झालं. बत्तीसपैकी चोवीस मतं हवी होती, मिळाली बावीस. दोन मतांनी वाचलो.

इथल्या आपल्या मराठी मंडळींपैकी काहींनी मला सांगितलं, तुझा संघ आहे म्हणून तू बोलतेस. हो, माझा संघ आहे. म्हणूनच हेही सांगते की त्याच सप्टेंबरात कॅन्सस सिटीतल्या सामन्यात आमचे लाइनमन चेंडू हलायच्या आधी हललेत. मी ते थांबवून थांबवून पाहिलं. त्यावर दंड व्हायलाच हवा होता, झाला नाही. त्याला फॉल्स स्टार्ट म्हणतात आणि त्याचा नियम कधीपासूनचा आहे. तो कडक लावा. पंचांना आणखी एक कॅमेरा द्या. पण जी गोष्ट तुम्हाला अडवता येत नाही तिला धोकादायक म्हणू नका. उद्या खरंच एखादी खेळी माणसं मोडायला लागेल आणि लीग सुरक्षेचं नाव घेईल, तेव्हा निम्मे चाहते म्हणतील, यांचं नेहमीचंच आहे. ते मला नको आहे.

थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, २८ नोव्हेंबरला, शिकागो बेअर्स इथे आले. आम्ही काकांकडे बघत होतो. टश पुशची वेळ आली, सगळे दबा धरून बसले, हर्ट्स घुसला, मागून रेटा आला. ढीग हलला आणि चेंडू शिकागोच्या नाहशॉन राइटच्या हातात! मैदान चिडीचूप. आम्ही ती मॅच २४-१५ ने हरलो.

काका उठून कॉफी आणायला गेले. मी रिमोट घेतला आणि राइटचा हात त्या गर्दीत नेमका कुठून आत शिरला ते मागे नेऊन नेऊन पाहत राहिले.