‘.२२ ला कानाला काही लागत नाही’ या मेसेजमधले घोळ, एकेक करून

शूटिंगवाल्या ग्रुपांमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय, वर ‘अनुभवी नेमबाजाचा सल्ला, नवीन लोकांनी जपून ठेवा’ असं लिहिलंय, आणि लोक खरंच जपून ठेवतायत म्हणून हा खटाटोप. मेसेज थोडक्यात असा: एअर रायफल (हवेच्या दाबावर चालणारी) काय आणि .२२ (छोट्या काडतुसाची बंदूक) काय, कानाला काही लागत नाही, सवय होते. फारच वाटलं तर कापूस घाला नाहीतर नॉइज कॅन्सलिंग हेडफोन लावा. विकतच घ्यायचं तर पाकिटावरचा सगळ्यात मोठा आकडा बघा, तेवढे डेसिबल कमी झाले, विषय संपला. प्लग (कानात घालायचं बूच) आणि मफ (हेडफोनसारखा कान झाकणारा) दोन्ही लावले तर दोन्ही आकड्यांची बेरीज. इलेक्ट्रॉनिक मफ आवाज वाढवतात म्हणून घातक. मफ एकदा घेतला की दहा वर्षं बघायला नको. आणि कानात शिट्टी वाजायला लागली तर ड्रॉप्स टाका, जाते आपोआप.

यातलं धडधडीत खोटं ओळखू येतं, पण काही गोष्टी अर्ध्या खऱ्या आहेत आणि त्याच जास्त त्रास देतात.

‘.२२ चा आवाज तो काय’

पहिली गडबड म्हणजे एअर रायफल आणि .२२ एकाच वाक्यात. दहा मीटरच्या एअर रायफलचा आवाज .२२ च्या खूपच खाली असतो, तिथे कानात काही घालायचं ते बहुतेक वेळा एकाग्रतेसाठी. .२२ मध्ये दारू जळते, तो वेगळा प्रकार. गोळीचा धमाका एक-दोन मिलिसेकंदात संपतो आणि इतक्या छोट्या आवाजाचा जोर आपल्याला कळतच नाही, तो असतो त्याहून मवाळ वाटतो. मीटर लावला तर .२२ रायफल नेमबाजाच्या कानापाशी साधारण १४० डेसिबल पीकच्या, म्हणजे धमाक्याच्या सर्वोच्च टोकाच्या, आसपास जाते. आणि १४० हीच ती रेघ आहे जिच्या वरचा एकही धमाका उघड्या कानावर पडू नये असं कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेचे नियम मानतात. .२२ पिस्तूल असेल तर नळी आखूड, तोंड कानाच्या जवळ, म्हणजे अजून जास्त. नाइन एमएम पिस्तूल १६० च्या आसपास, मॅग्नम आणि मोठ्या रायफली त्याच्याही पुढे. डेसिबलमध्ये २० वाढले की दाब दहापट होतो, त्यामुळे १४० आणि १६० म्हणजे उन्नीस-बीसचा फरक नव्हे.

आता ‘सवय होते’. मोठा आवाज आला की कानातला एक छोटा स्नायू आखडतो आणि आवाज थोडा अडवतो हे खरं, पण त्याला तेवढं करायला किमान पंचवीसेक मिलिसेकंद लागतात, तोवर धमाका येऊन गेलेला असतो. सवय म्हणून जे काय वाटतं ना, ते बऱ्याचदा ऐकू येणं कमी होणंच असतं. एका कानात आवाज टिपणाऱ्या साधारण १५ हजार केसपेशी असतात, मेल्या की माणसात परत येत नाहीत. आणि हे होताना कळत नाही, कारण त्या दिवशी कानाला दडे बसतात, रात्री कुईऽऽ आवाज येतो, एक-दोन दिवसांत सगळं मोकळं वाटतं आणि माणूस म्हणतो काही झालं नाही. ऑडिओग्राम म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख काढला तर ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा दिसतो. म्हणजे कुणी बोलतंय हे कळतं, पण स, श, फ असली अक्षरं निसटतात, मग समोरचा पुटपुटतो अशी तक्रार सुरू. उजव्या खांद्यावर रायफल लावणाऱ्यांचा सहसा डावा कान आधी जातो, कारण तो नळीच्या तोंडाकडे असतो आणि उजवा डोक्याच्या आडोशाला. सवयच होत असती तर दोन्ही कानांना सारखी झाली असती.

कापूस, हेडफोन

यावर फार वेळ घालवत नाही. साध्या कापसाने जेमतेम थोडेसे डेसिबल अडतात, तेही वरवरचे, कारण कापसातून हवा जाते आणि हवा गेली की आवाज गेला. नॉइज कॅन्सलिंग हेडफोन विमानाची घरघर, एसीची घुं घुं असल्या सतत चालणाऱ्या खालच्या पट्टीच्या आवाजासाठी असतात, त्यांचं सर्किट उलटी लाट तयार करून तो आवाज मारतं. गोळीच्या एका फटक्याला ते पुरं पडत नाही, आणि गाण्यांच्या हेडफोनवर आवाज अडवण्याचं कुठलं रेटिंगही नसतं. काही लोक रिकामी काडतुसं कानात खोचतात, ते तर बोलूच नका.

‘मोठा आकडा बघा, विषय संपला’

मेसेजमधला सगळ्यात फसवा मुद्दा हाच. पाकिटावर एनआरआर (आवाज किती कमी होतो त्याचं अमेरिकन रेटिंग) असं लिहून एक आकडा असतो, फोम प्लगला जास्तीत जास्त ३३ च्या घरात, मफला साधारण २० ते ३० च्या मध्ये. ३३ म्हणजे ३३ टक्के असं समजणारेही आहेत, तसं नाही, ते डेसिबल आहेत. पण ते लॅबमध्ये मोजलेले, जिथे प्लग नीट घालून दिला जातो आणि माणूस गप्प बसलेला असतो. शिवाय चाचणी सतत चालणाऱ्या आवाजावर होते, धमाक्यावर नाही, त्यामुळे १६० मधून ३३ वजा करून ‘१२७, झालं सेफ’ हे गणितच गडबड आहे. अमेरिकेतल्या नायोश या कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेने १९९८ मध्ये सांगितलं होतं की प्रत्यक्षात किती मिळेल याचा अंदाज घ्यायचा तर मफच्या आकड्यातून २५ टक्के उडवा, फोम प्लगचे ५० टक्के उडवा आणि बाकीच्या प्लगचे ७० टक्के उडवा. म्हणजे ३३ चा प्लग सोळा-सतरावर आला, आणि २५ चा मफ एकोणीसवर. उलटंच झालं की! पाकिटावर जो मागे होता तो पुढे गेला, कारण मफ चुकीचा घालणं त्यामानाने अवघड आहे आणि फोम प्लग चुकीचा घालणं फार सोपं.

युरोपातल्या मालावर एसएनआर हे तिथलं रेटिंग असतं, त्याची मोजणी वेगळी, तीच वस्तू तिथे सहसा काही अंकांनी मोठी दिसते, तेव्हा एकाचा एनआरआर आणि दुसऱ्याचा एसएनआर शेजारी ठेवून तुलना करू नका. दुकानात हे सर्रास होतं.

फोम प्लग घालताना लोकांना बघा. दोन बोटांत चेपून चपटा करतात, कानात टेकवतात आणि सोडून देतात, मग अर्धा प्लग मशरूमसारखा बाहेर. तो त्या क्षणी जवळजवळ शोभेलाच आहे. बोटांत फिरवत फिरवत बारीक, सुरकुती नसलेली काडी करायची, दुसऱ्या हाताने डोक्यावरून जाऊन कान वर आणि मागे ओढायचा म्हणजे आतली वाट सरळ होते, काडी आत सरकवायची आणि बोटाने वीस-तीस सेकंद धरून ठेवायची, फोम फुगेपर्यंत. नीट बसला की स्वतःचा आवाज घुमल्यासारखा, पिंपात बोलल्यासारखा येतो. मग दोन्ही तळवे कानांवर दाबून बघा, बाहेरचा आवाज फार फरकाने कमी झाला तर प्लग बसलेला नाही, काढा आणि परत घाला. आणि हे गोळ्या भरायच्या आधी, धुतलेल्या हाताने, कारण शिशाचा काळा थर बोटांवर असतो आणि तुम्ही तोच प्लगवर चोळून कानात घालता.

मफचं वेगळंच. दुकानात आरशासमोर एकदम घट्ट. रेंजवर चष्म्याच्या जाड काडीवरून उशी बसते आणि काडीच्या मागेपुढे बारीक फट राहते, करंगळीचं टोक फिरवलं तर लागते बोटाला. कुकरची रिंग वाकडी बसली की वाफ बाजूने जाते आणि शिट्टी होत नाही, मग कुकर कितीही भारी असो, तसंच हे. म्हणून बारीक काडीचा चष्मा, आणि केस, टोपीची कड उशीखाली नको. रायफलवाल्यांना अजून एक: गाल स्टॉकला, म्हणजे रायफलच्या दस्त्याला, टेकला की जाड मफची खालची कड स्टॉकवर आपटते आणि मफ उचलला जातो, म्हणजे दिवसभर घट्ट असलेला मफ नेमका ट्रिगर दाबताना उघडा. तुम्हाला कळतही नाही कारण तुमचं लक्ष साइटवर. त्यामुळे रायफल घेऊन, पोझिशनमध्ये गाल लावून मफ बघितल्याशिवाय घेऊ नका, खालून निमुळता असलेला घ्या, नाहीतर सरळ प्लगवर या.

बसणं किती महत्त्वाचं याचं मोठं उदाहरण अमेरिकन सैन्याला दिलेल्या दोन टोकांच्या कॉम्बॅट आर्म्स प्लगचं. आरोप असा होता की प्लगचा दांडा काही कानांसाठी आखूड आहे आणि तो नकळत सैल होतो. लाखोंनी दावे झाले, थ्रीएम कंपनीने चूक मान्य केली नाही पण २०२३ मध्ये सुमारे ६०० कोटी डॉलरची तडजोड केली. पाकिटावरच्या आकड्याने तिथे कुणाचं भांडण मिटलं नाही.

‘दोन्ही लावले की बेरीज’

नाही. ३३ आणि २५ मिळून ५८ होत नाहीत. ढोबळ हिशोब असा की दोनातला मोठा आकडा घ्या आणि त्यात ५ मिळवा, आणि वरची काटछाट इथेही लागू. एका मर्यादेनंतर आवाज कानाच्या वाटेने येतच नाही, कवटीच्या हाडातून आतल्या कानाला पोचतो, तिथे कुठला प्लग काय करणार, त्यामुळे ४०-५० च्या पुढे जाताच येत नाही.

पण म्हणून दोन्ही लावणं फुकट असं समजू नका हां. ५ डेसिबल कमी म्हणजे ऊर्जा एक तृतीयांशाहूनही कमी. शिवाय प्लग जरा सैल झाला तर वर मफ आहे, मफ उचलला गेला तर आत प्लग आहे. बंदिस्त रेंजवर भिंती आणि छत आवाज परत फेकतात, शेजारच्या लेनमध्ये मझल ब्रेक (धक्का कमी करायला नळीच्या तोंडावर लावतात तो भाग) लावलेली रायफल असेल तर त्याचा धमाका बाजूला म्हणजे तुमच्याच अंगावर येतो. तिथे दोन्ही, यात चर्चा नाही. कुणी घाबरट म्हणालं तर म्हणू द्या, तसंही ऐकू येणार नाही.

‘इलेक्ट्रॉनिक मफ आवाज वाढवतात’

वाढवतात, पण हळू आवाज. बाहेर माइक, आत छोटा स्पीकर. रेंज ऑफिसरची कमांड, कोचचं बोलणं आत ऐकवतात आणि आवाज साधारण ८२-८५ डेसिबलच्या वर जायला लागला की सर्किट तो दाबतं किंवा बंद करतं. धमाका अडवण्याचं खरं काम कवच आणि उशीच करतात, साध्या मफसारखंच. बॅटरी संपली तर तो साधा मफ होतो, कान उघडे पडत नाहीत. खरी खोट वेगळीच आहे, यातले बरेच सडपातळ मॉडेल असतात आणि त्यांचा एनआरआर जेमतेम विशीतला, बंदिस्त रेंजला तो कमीच. त्यावर जुना उपाय म्हणजे आत फोम प्लग आणि मफचा आवाज वाढवून ठेवायचा, कमांडही ऐकू येते आणि कानही झाकलेले. साधा मफ लावणारे काय करतात, कुणी बोललं की एक कान उचलतात, आणि तेवढ्यात शेजारचा फायर करतो. हे टळतं एवढ्यासाठीच मला इलेक्ट्रॉनिक पटतो. मात्र मॅच खेळणाऱ्यांनी लक्षात ठेवा, आयएसएसएफ या आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमात नेमबाजाला आवाज वाढवणारी किंवा रिसीव्हर असलेली साधनं चालत नाहीत, तिथे साधा मफ किंवा प्लगच.

‘दहा वर्षं बघायला नको’

उशा घामाने आणि उन्हाने कडक होतात, चिरा पडतात, आतला फोम चेपून जातो. नियमित वापर असेल तर सहा महिने ते वर्षभरात उशा बदला, बऱ्याच मॉडेलच्या सुट्या मिळतात, आणि घेतानाच मिळतात का ते विचारा. वरची पट्टी ताणून सैल झाली असेल तर मात्र मफच बदला. फोम प्लग तर एक-दोनदा वापरून टाकायचेच असतात.

‘शिट्टी वाजली तर ड्रॉप्स टाका’

ड्रॉप्स पडद्याच्या अलीकडे राहतात, मार बसतो तो पडद्याच्या कितीतरी पलीकडे, आतल्या कानात. आणि धमाक्याने पडदाच फाटला असेल तर त्यात काहीही ओतणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. रेंजवरून आल्यावर कान बंद वाटतोय, शिट्टी वाजतेय, एका बाजूने कमी येतंय तर पहिलं म्हणजे त्या दिवशी अजून आवाज नको, ना गोळीबार ना गाणी. आणि दुसऱ्या दिवशीही तसंच असेल तर ईएनटीकडे जा, ऑडिओग्राम करून घ्या. अचानक कमी झालेल्या ऐकण्यावर डॉक्टर जी स्टेरॉइड देतात ती पहिल्या काही दिवसांतच सुरू झाली तर उपयोगाची शक्यता जास्त असते, महिन्याभराने ‘अजून वाजतंय हो’ म्हणत गेलं तर डॉक्टरांच्या हातातही फारसं काही उरत नाही.