‘सगळ्या तपासण्या पास’ म्हणजे नेमकं काय तपासलं होतं?

गेले काही दिवस आमच्या इंजिनिअर मंडळींच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. विषय आहे जमिनीखाली नैसर्गिक वायू साठवण्याचा. आपल्याकडेही रिकाम्या झालेल्या तेल-वायू क्षेत्रांत असे साठे करावेत का, याची चर्चा अधूनमधून होते, त्यावरून कुणीतरी तो लिहिलेला दिसतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: अमेरिकेत असे चारेकशे साठे आहेत आणि ते बिनधोक आहेत. कॅलिफोर्नियातल्या ॲलिसो कॅन्यनमध्ये २०१५ साली फुटलेली विहीर नियमाप्रमाणे सगळ्या तपासण्या पास झालेली होती, म्हणजे ते केवळ दुर्दैव. असं एकदाच घडलं. मिथेन, म्हणजे नैसर्गिक वायूचा मुख्य घटक, विषारी नसल्यामुळे कुणाला काही झालं नाही. आणि आता कडक नियम आल्यामुळे विषय संपला.

मी आयुष्यभर कारखान्यांत देखभालीचं आणि तपासणीचं काम केलं. या मेसेजमधलं तपासण्यांचं वाक्य खरं आहे, आणि मला सगळ्यात जास्त खुपतं ते तेच.

‘विहीर सगळ्या तपासण्या पास होती’

होती. पण कोणत्या तपासण्या?

फुटलेल्या विहिरीचं नाव एसएस-२५. लॉस एंजेलिसच्या उत्तरेकडच्या डोंगरात १९५३-५४ साली ती तेलासाठी खोदली गेली. तेल संपत आल्यावर, १९७०च्या दशकात, त्याच खडकात बाहेरून आणलेला वायू भरायला सुरुवात झाली. साठा अडीच किलोमीटरहून खोल. तिथून वर येणारा वायू ट्यूबिंगमधून, म्हणजे आतल्या बारीक नळीतून, यायचाच, शिवाय ट्यूबिंग आणि तिच्याभोवतीचा सात इंची पोलादी पाइप, म्हणजे केसिंग, यांच्यामधल्या पोकळीतूनही यायचा. म्हणजे पूर्ण दाबाचा वायू आणि बाहेरची जमीन यांच्यामध्ये त्या केसिंगची भिंत एवढाच काय तो आडोसा.

नियमाने दरवर्षी काय करायचं होतं? विहिरीत तारेवरून तापमापक सोडायचा आणि खोलीप्रमाणे तापमान नोंदवायचं. दाबाखालचा वायू बारीक भोकातून बाहेर पडला की थंड होतो. त्यामुळे गळती असेल तिथे आलेखात खड्डा दिसतो. पद्धत चांगली आहे, पण तिला दिसते ती फक्त सुरू झालेली गळती. भिंत आठ आणे उरली आहे की दोन आणे, हे ती सांगू शकत नाही, कारण भोक पडेपर्यंत तापमान बदलतच नाही. भिंतीची जाडी मोजायची उपकरणं तेव्हाही होती. ती वापरा असं नियमात म्हटलं नव्हतं.

सरकारच्या देखरेखीखाली ब्लेड एनर्जी पार्टनर्स या संस्थेने कारणांचा शोध घेतला आणि मे २०१९ मध्ये अहवाल दिला. केसिंग ८९२ फुटांवर, म्हणजे जमिनीखाली पाव किलोमीटरच्या जरा पुढे, फाटलं होतं. बाहेरून भूजल लागत होतं आणि त्यातल्या सूक्ष्मजीवांमुळे गंज चढत गेला होता. फाटण्याच्या जागी भिंतीची ८५ टक्के जाडी गेलेली होती. असा गंज एका रात्रीत चढत नाही. वर्षानुवर्षं तापमापक त्या जागेवरून खाली-वर गेला आणि दर वर्षी आलेख सरळ आला.

मला हे इतकं लागतं याला कारण आहे. रायगड जिल्ह्यातल्या एका कारखान्यात मी नोकरीला असताना वाफेची एक लाइन होती. वरून लॅगिंग, म्हणजे उष्णता टिकवायला गुंडाळलेली खनिज लोकर, त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा. वार्षिक तपासणीच्या तक्त्यात रकाना होता ‘बाह्य स्थिती’. मी पत्रा बघायचो, गळती नाही ना ते बघायचो आणि ‘समाधानकारक’ लिहून सही करायचो. सलग चार वर्षं केली. एका शटडाउनला व्हॉल्व्ह बदलायला फिटरने पत्रा कापला, तर आतली लोकर ओली गच्च निघाली. त्याने पाइपवर हातोडीची बारीक टिचकी मारली आणि खपली पडली, तळहाताएवढी, पापडासारखी थरथर सुटलेली. उरलेल्या जागी गेज लावलं, तर सात मिलिमीटरच्या पाइपची भिंत दोनच्या खाली आली होती. त्याच्या बाजूने माणसं रोज जेवायला जायची. माझ्या चारही सह्या नियमाला धरून होत्या. तक्त्यात जाडीचा रकानाच नव्हता.

म्हणून ‘पास’ हा शब्द ऐकला की माझा पहिला प्रश्न असतो: मोजलं काय?

‘ते केवळ दुर्दैव’

साठा चालवणारी कंपनी सदर्न कॅलिफोर्निया गॅस. १९८८ साली तिच्याच अंतर्गत पत्रात वीस जुन्या विहिरींची यादी केली गेली: यांची केसिंग तपासून घ्या. एसएस-२५ त्या यादीत होती. पुढच्या दोनेक वर्षांत सात विहिरी तपासल्या गेल्या, आणि त्या सातांपैकी पाचांत धातू झिजल्याच्या खुणा मिळाल्या. काम तिथेच थांबलं. एसएस-२५ची पाळी आली नाही.

ब्लेडच्या अहवालाप्रमाणे त्या क्षेत्रात आधीच्या चार दशकांत केसिंगच्या साठाहून अधिक गळत्या झाल्या होत्या. प्रत्येक दुरुस्त झाली. गळती का झाली, याचा शोध एकदाही घेतला गेला नाही. या विहिरीतला खोलवरचा सुरक्षा व्हॉल्व्ह १९७९ साली काढला आणि परत बसवला नाही. तेही नियमात बसत होतं, कारण घरं अगदी लगत नसल्यामुळे ती ‘कळीची विहीर’ ठरत नव्हती.

यादी हातात होती, गळत्यांचा इतिहास समोर होता, उपकरण बाजारात मिळत होतं. याला मी दुर्दैव म्हणणार नाही.

‘असं एकदाच घडलं’

साफ चूक. जानेवारी २००१मध्ये कॅन्सस राज्यातल्या हचिन्सन गावात भर बाजारपेठेत स्फोट झाला आणि दुसऱ्या दिवशी गावाच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक. दोन माणसं गेली. वायू आला होता गावापासून सुमारे अकरा किलोमीटरवरच्या मिठाच्या गुहांमधल्या साठ्यातून. एका विहिरीचं केसिंग ती पुन्हा उघडताना दुखावलं होतं. तिथून सुटलेला वायू खडकाच्या भेगाळ थरातून गावाखाली पोहोचला आणि मीठ काढण्यासाठी कधीकाळी खोदलेल्या, नंतर विसरलेल्या विहिरींतून वर आला. साठा गावापासून लांब आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी हे एवढं एक प्रकरण तरी नीट समजून घ्यावं. २००४ साली टेक्ससच्या मॉस ब्लफला अशाच गुहेला लागलेली आग सहा दिवसांहून जास्त जळत राहिली.

‘मिथेन विषारी नाही, कुणाला काही झालं नाही’

मिथेन श्वासातून गेल्याने विषबाधा होत नाही, हे खरं. पण गळत होतं ते पुस्तकातलं शुद्ध मिथेन नव्हतं. त्यात वास येण्यासाठी मिसळलेली गंधकयुक्त द्रव्यं होती आणि जुन्या तेलक्षेत्राचे अंशही, त्यांत बेन्झिन. डोंगराच्या पायथ्याच्या पोर्टर रँच वस्तीत लोकांना डोकेदुखी, मळमळ, नाकातून रक्त असे त्रास झाले. आठ हजारांहून जास्त कुटुंबांनी घरं सोडली, दोन शाळा दुसरीकडे हलवाव्या लागल्या. २३ ऑक्टोबर २०१५ला गळती लक्षात आली. वरून जड द्रव भरून विहीर दाबायचे सात प्रयत्न फसले. शेवटी बाजूने दुसरी विहीर खोदून ती ११ फेब्रुवारी २०१६ला आटोक्यात आली. तोवर एक लाख टनांच्या आसपास मिथेन हवेत गेलं होतं. सुमारे ३५ हजार लोकांचे दावे मिटवायला कंपनीने २०२१ साली १८० कोटी डॉलर देण्याचं मान्य केलं. ‘काही झालं नाही’ हे वाक्य यापुढे कसं टिकतं?

‘आता नियम आले, विषय संपला’

नियम आले, आणि त्याचा मला आनंद आहे. २०१६च्या आधी या विहिरींच्या जमिनीखालच्या भागासाठी अमेरिकेत केंद्राचा एकही सुरक्षा नियम नव्हता. तेल-वायू उद्योगाने स्वतःची मार्गदर्शक प्रथा सप्टेंबर २०१५मध्ये छापली, गळतीच्या महिनाभर आधी. पुढे केंद्राने तीच बंधनकारक केली. हंगामी नियम डिसेंबर २०१६चा, अंतिम फेब्रुवारी २०२०चा.

पण तो नियम वाचा. प्रत्येक विहिरीची पहिली जोखीम-तपासणी पूर्ण करायला चालकांना मार्च २०२७पर्यंत मुदत आहे, त्यातली ४० टक्के मार्च २०२४पर्यंत. त्यानंतर फेरतपासणी जास्तीत जास्त सात वर्षांनी. कॅलिफोर्नियाने मात्र धडा घेतला. तिथे आता केसिंगच्या भिंतीची जाडी साधारण दर दोन वर्षांनी मोजायची आणि एका अडथळ्यावर विसंबून विहीर चालवायची नाही, असं ठरलं. हे बाकीच्या राज्यांना आपोआप लागू होत नाही. अमेरिकेतल्या अशा विहिरींपैकी ८० टक्क्यांच्या आसपास १९७०च्या दशकातल्या किंवा त्याआधीच्या आहेत.

अंतिम नियमानंतर पावणेतीन वर्षांनी, नोव्हेंबर २०२२मध्ये, पेनसिल्व्हेनियातल्या रेगर माउंटन साठ्याची १९६०च्या दशकातली एक विहीर सुटली. तेरा दिवस ती घोंघावत होती आणि १०० कोटी घनफुटांहून जास्त वायू गेला. कारण पुन्हा गंजलेलं केसिंग.

मेसेज लिहिणाऱ्याला मी निरोप पाठवला आहे: ‘सगळ्या तपासण्या’ खोडून तिथे ‘तापमानाची तपासणी’ लिहा आणि त्याखाली ‘जाडी मोजली नव्हती’ हे तीन शब्द घाला. मग तो मेसेज मी स्वतः पुढे पाठवीन.