पाळकाकडे जायचं की थेरपिस्टकडे?

ख्रिस्ती समुपदेशन म्हणजे नुसती प्रार्थना आणि बाकीचं तेवढं शास्त्र, असं म्हणणाऱ्यांनी एकदा दोन्हीकडचा गृहपाठ शेजारी ठेवून बघावा.

समजा, गुण कमी पडले म्हणून बाप मुलावर ओरडला, हात उगारला. सीबीटीत, म्हणजे विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणाऱ्या मानसोपचारात, त्याला तक्ता भरायला देतात. प्रसंग काय, राग १०० पैकी किती (लिहितो ९०), त्या क्षणी डोक्यात काय आलं ('हा माझं नाक कापणार'), या विचाराच्या बाजूने पुरावा काय, विरुद्ध काय, मग जरा समतोल विचार, आणि राग पुन्हा मोजायचा.

ख्रिस्ती समुपदेशनात अमेरिकन पाळक जे अ‍ॅडम्स यांची पद्धत १९७० नंतर अमेरिकेत पसरली. तिचा आधार बायबलमधलं इफिसकरांस पत्र ४:२२-२४, म्हणजे जुना मनुष्य काढून टाकायचा, नवा धारण करायचा. त्यामुळे इथे मुख्य रकाने दोनच: काय सोडायचं आणि त्या जागी काय करायचं. 'यापुढे ओरडणार नाही' एवढं लिहून भागत नाही. मुलाची माफी कधी मागणार, कोणत्या शब्दांत, पुढची गुणपत्रिका हातात आल्यावर पहिलं वाक्य काय बोलणार, हे लिहावं लागतं. सीबीटीच्या तक्त्यात माफीचा रकाना नाही. राग ९० वरून ४० वर आला तरी पोरगं दार लावून आतच बसलेलं असू शकतं. माझ्या मते ही त्या तक्त्याची खरी उणीव आहे.

हा आक्षेप फक्त चर्चवाल्यांचा नाही. १९५४ साली अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचे अध्यक्ष असलेले होबार्ट माउरर पुढे हेच म्हणू लागले होते: पुष्कळांना अपराधी वाटतं, कारण त्यांनी खरंच काहीतरी केलेलं असतं. १९६५ च्या उन्हाळ्यात अ‍ॅडम्स त्यांच्याच हाताखाली शिकले. मानसशास्त्राला दारात उभं न करणाऱ्या चळवळीची मुळं अशी एका मानसशास्त्रज्ञाच्या अंगणात सापडतात!

पण कबुलीचं हेच औषध भलत्या माणसाला दिलं की अनर्थ होतो. धार्मिक ओसीडी घ्या, म्हणजे पापाच्या शंका पुन्हा पुन्हा छळतात तो मनोविकार. प्रार्थनेच्या वेळी मनात शिवी आली, पाप झालं, कबुली दिली, थोडा वेळ बरं वाटलं. मग शंका: नीट सांगितलं ना? पुन्हा कबुली. इथे पाळकाने दर वेळी 'देवाने क्षमा केली' म्हटलं की आजाराला खुराक मिळतो, कारण सुटका कबुलीनेच होते हे डोक्यात पक्कं बसतं. उपचार उलटा आहे. शंका येऊ द्यायची, कबुली द्यायची नाही, अस्वस्थपणा सोसत थांबायचं. लहान शंकेपासून सुरुवात, मग मोठी. गंमत म्हणजे जुन्या कॅथलिक धर्मगुरूंना हे ठाऊक होतं: एकच कबुलीगुरू धरा, एकदा सांगितलेलं पाप पुन्हा उकरू नका. १५२२ मध्ये स्पेनमधल्या मनरेसात जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोलांनीही हा छळ भोगला होता.

श्रद्धा आणि तंत्र एकत्र नांदतच नाहीत, असंही नाही. रेबेका प्रॉप्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९९२ साली नैराश्य असलेल्या ५९ श्रद्धाळू रुग्णांवर अभ्यास प्रसिद्ध केला. धार्मिक भाषेतली सीबीटी स्वतः धर्म न मानणाऱ्या थेरपिस्टांच्या हातीसुद्धा उत्तम चालली. थेरपिस्ट आपल्याच पंथाचा हवा, हा हट्ट म्हणूनच मला पटत नाही.

जबाबदारीचं मात्र तपासून घ्या. एका तरुणाच्या आत्महत्येनंतर गाजलेल्या नॅली खटल्यात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये ठरवलं की परवानाधारक थेरपिस्टवर असते तशी कायदेशीर जबाबदारी चर्चच्या समुपदेशकावर येत नाही. गुप्ततेचंही तसंच. मत्तय १८:१५-१७ प्रमाणे आधी एकट्याने बोलायचं, मग एकदोन साक्षीदार न्यायचे, तरी ऐकलं नाही तर मंडळीला, म्हणजे चर्चला, सांगायचं. म्हणजे नवराबायकोचं भांडण चर्चच्या वडीलजनांच्या बैठकीत जाऊ शकतं. कोणाला काय सांगितलं जाईल, हे पहिल्या भेटीआधी लेखी घ्या. आणि आपल्याकडे मुलाच्या लैंगिक छळाची माहिती कळली तर पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं पाळकालाही बंधनकारक आहे, थेरपिस्टलाही.

दोघांनाही पहिल्याच भेटीत विचारा: मला जीव द्यावासा वाटला तर तुम्ही कोणाला फोन कराल? उत्तरात ठरावीक मनोविकारतज्ज्ञाचं नाव, जवळचं रुग्णालय किंवा निदान टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ तरी यायला हवा. 'आपण प्रार्थना करू' एवढंच ऐकू आलं, तर दुसरीकडे जा.